गाळलेली पानं

माझी सून वाचताना लबाडी करते. माझा पाय प्लास्टरात गेल्यापासून महिनाभर ती मला वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचून दाखवतेय. एक राजाराणीच्या प्रेमाची झाली, की एक खुनाच्या तपासाची. मी शाळेत गेले नाही, मला जेमतेम सही येते, पण ऐकू लख्ख येतं.

खुनाच्या गोष्टीत ती अक्षर सोडत नाही. राजा राणीच्या महालात शिरला, की मात्र हिचे कान लाल होतात, दोन पानं उलटतात आणि लगेच कोंबडा आरवतो.

आज शेवटचं पुस्तक परत जायचं होतं. राजानं दिवा मालवला, हिनं बोट ओलं केलं. मी मनगट धरलं.

"हेमांगी, महिनाभर खुनी पकडायला शिकवलंस, मग पानं चोरणारी नाही सापडणार? बोट घे मागं, वाच सगळं. चार पोरं काय मी जत्रेतून आणली?"