खबरबात

आमगावचे निवृत्त मास्तर ताराचंद मेश्राम दर महिन्याला नातेवाइकांना घरची 'खबरबात' पाठवत. सायक्लोस्टाइलच्या काळात कुणाला ताप आल्याचं छापलं, तरी आठ-दहा पत्रं यायची. मग झेरॉक्स आलं, ईमेल आला, आता व्हॉट्सॲप. या महिन्यात त्यांनी बायकोविषयी एवढंच लिहिलं : अन्नपूर्णा आता कोणालाच ओळखत नाही. एकदा भेटून जा.

मिनिटाभरात चाळीस अंगठे आले. न राहवून त्यांनी पुतण्याला फोन लावला.

"संघदीप, अंक वाचला काय बाबू?"

"हो मोठे बाबा, मस्त झाला. मोठ्या आईला जयभीम सांगजा."

ताराचंदांनी फोन ठेवला आणि शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले, "संघदीपनं जयभीम सांगितला."

अन्नपूर्णानं अदबीनं हात जोडले. "तुमच्या घरच्याइलेही माहा जयभीम सांगजा जी."