दुसरा कंदील

शालन नवऱ्याचं घर कायमचं सोडून मिरजेला माहेरी आली, त्याला वर्ष होत आलं होतं. दादाने तिला मागची खोली दिली होती. तिथे ती आणि तिची आठ वर्षांची रेवती राहायच्या, चूलही वेगळी मांडायच्या.

वसुबारसेला दोघींनी बांबूच्या काड्या बांधून, पिवळा पतंगी कागद चिकटवून आकाशकंदील केला. शालन तो दाराशी टांगत होती, तेवढ्यात दादा आला.

"पुढच्या दारात आपला कंदील लागलाय. एका घराला एकच असतो," तो म्हणाला. "तू इथं कायमची राहिलीयस, हे गल्लीला कशाला दाखवायचं?"

"राहिलेच आहे, दादा. मग दिसू दे की."

दादाने कंदील ओढून काढला. काड्या मोडल्या, कागद फाटला आणि रेवती रडायला लागली. तो निघून गेल्यावर शालनने तिचे डोळे पुसले.

"कात्री आण," ती म्हणाली. पतंगी कागद संपला होता, म्हणून त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा कंदील केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालन तो घेऊन स्टुलावर चढली. दादा अंगणात येऊन उभा राहिला. स्टूल डुगडुगत होतं. इतक्यात वहिनी घरातून आली आणि नवऱ्याकडे न बघता तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बांधा, वन्सं," ती म्हणाली. "गाठ मात्र पक्की मारा."