सहीपुरतं काम

“यापुढे धार आणि देवास जिल्ह्यांतला एकही अपंग माणूस स्वतःला एकटा समजणार नाही!”

एवढं बोलून जगदेवरावांनी कलेक्टरसाहेबांच्या खुर्चीला वाकून हात जोडले. खुर्ची रिकामी होती. साहेब चहा घेऊन केव्हाच निघून गेले होते, पण जगदेवरावांचं “साहेब, आपल्या कृपेने” चालूच होतं.

मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, “भिया, चमचेगिरी करावी तर अशी. साब गेले, तरी खुर्चीला मस्का चालू आहे.”

सगळे हसले. राजाबाई हसली नाही. ती धारहून दोन बस बदलून देवासला आली होती. एकोणीसशे एक्क्याऐंशी हे साल जगाने अपंगांच्या नावे काढलं होतं, आणि जगदेवराव सरकारी अपंग हक्क संरक्षण समितीचे सचिव होते. तिला त्यांचं एक पत्र हवं होतं.

तिचे यजमान दत्ताजी धारच्या एका सहकारी संघात जुन्या फायली सांभाळत. दोन वर्षांत त्यांची नजर विझत गेली. तरी मागितलेली फाइल ते चाचपून काढून देत, डोळस कारकुनाच्या आधी. संघाने नोटीस दिली होती: एकतीस मार्चपर्यंत समितीने लिहून दिलं की हा माणूस काम करू शकतो, तर ठेवू. नाही तर घरी बसा.

दुसऱ्या दिवशी ती समितीच्या कचेरीत गेली. बापू शिपाई दारातच होता.

“अर्ज लिहून आणला? हौ, पण द्यायचा नाही. साबांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. कायदा आहे इथला.”

“वाचायचा? त्यांना वाचता येत नाही का?”

“तुम्हीपण बाई! अफसर कधी वाचतो का?”

मुक्या अर्जदाराने काय करायचं, याचा कायदा अजून झाला नव्हता.

जगदेवराव पेपर पसरून बसले होते. पेपर परवाचा होता. राजाबाईने नमस्कार केला, त्यांनी मान वर केली नाही. तिने अर्ज वाचला.

“फाइल कशी ओळखतात ते?” जगदेवरावांनी विचारलं.

“दोऱ्याच्या गाठींवरनं. दर सालाची गाठ निराळी.”

“जिना?”

“पायऱ्या मोजतात.”

“आणि कुणी नवीन माणूस समोर आला तर?”

“तो बोलेपर्यंत गप्प बसतात.”

“हं. घरी चिडतात?”

राजाबाईचे डोळे भरून आले. ही काय चौकशी! पोलीससुद्धा चोराला इतकं खोदून विचारत नाहीत.

“आताशा बोलतच नाहीत,” ती म्हणाली. “संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसतात.”

जगदेवरावांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “बापू पत्र टाइप करील. सहीचं मी बघतो. एकदा असं पत्र दिलं, बाई, की लोक कचेऱ्या-कचेऱ्यांतून डोळे तपासत फिरतील.”

तेवढ्यात बापूने दुसऱ्या कुणाचे कागद पुढे केले, एकेकावर बोट ठेवलं, आणि साहेबांनी भराभर सह्या ठोकल्या. सहीची जागासुद्धा शिपायाने दाखवायची! आमच्या धार संस्थानच्या जुन्या दरबारातले सरदार बरे होते, असं राजाबाईला वाटलं. तिच्या आजेसासऱ्यांनी ते पाहिले होते.

त्यानंतर तीन खेपा झाल्या. पत्र टाइप होऊन पडलं होतं, पण साहेबांचा विचार चालू होता. चौथ्या खेपेला मार्चची तीस तारीख उजाडली. दत्ताजींनी निघताना एवढंच सांगितलं, “नाही मिळालं तर रागावू नकोस त्यांच्यावर. त्यांची पण काही अडचण असेल.”

बापू नव्हता. पीपलरावां गावी त्याची सासू वारली होती, म्हणून तो तिकडे गेला होता.

“नमस्कार,” राजाबाई म्हणाली.

“धारच्या बाई ना? या.” जगदेवरावांनी मान वर केली नाही, पण निदान तिला विसरले नव्हते.

“आज सही पाहिजे साहेब. उद्या शेवटचा दिवस.”

“बापू परवा येईल.”

“बापूचं काय काम? सही तुमची आहे.” तिने कपाटावरच्या गठ्ठ्यातून आपलं पत्र स्वतःच ओढून काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. “भाषणात काय म्हणाला होतात? कुणी एकटा नाही! आमच्या घरचा माणूस रोज भिंतीकडे बघत बसतो. एका सहीनं तुमचं काय जातंय?”

“बरंच काही,” जगदेवराव म्हणाले. “पेन्शनीला तीन वर्षं उरलीत माझ्या.”

“मग मी इथनं हलणार नाही.”

ती खुर्ची ओढून बसली. जगदेवरावांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

“बाहेर कुणी आहे?”

“नाही.”

“दार लावून घ्या.”

राजाबाईच्या अंगावर काटा आला. पण परतीच्या बसला तासच उरला होता. तिने दार लोटलं, कडी न घालता, आणि तिथेच उभी राहिली.

“या इकडे,” मघाच्या खुर्चीकडे तोंड करून जगदेवराव हळू आवाजात म्हणाले. “माझं बोट धरून तेवढं सहीच्या जागेवर ठेवा.”