दोन रात्रींचा साठा

"काकू, जवळ एका रात्रीचंच स्वप्न ठेवता येतं. तुमच्याकडे दोन कुप्या आहेत. हा साठा झाला, याला जामीन नाही," तपासणी नाक्यावरचे हवालदार गोंधळे म्हणाले.

"साठा कसला डोंबलाचा! ह्यांची शेवटची स्वप्नं आहेत ती," प्रमिलाबाई म्हणाल्या. नवरा जाण्याआधी ती दवाखान्यात त्याच्या झोपेतून उतरवून घेतली होती. एकदा प्यायलं की स्वप्न संपायचं, म्हणून त्यांनी वर्षभर झाकण उघडलं नव्हतं.

"पंच यायला दहा मिनिटं आहेत. पोटात गेलेलं ताब्यात धरत नाहीत," गोंधळे हळूच म्हणाले.

बाकावर बसून प्रमिलाबाईंनी एक कुपी प्यायली. नाका विरघळला, भातखाचरात निळं पाणी चढलं. नवऱ्याच्या डोळ्यांनी त्या बघत होत्या. बांधावरून एक देखणी तरुणी हसत येत होती. तिला ओळखायला प्रमिलाबाईंना वेळ लागला.