जुळलेली उत्तरं

पाहणीला आलेल्या बाईंनी खतकारखान्याच्या कंट्रोल रूममधल्या पाचही जणांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला होता : "गॅसचा दाब अचानक वाढला, तर आधी कोणाकडे बघाल?" टीमची समज किती जुळते, ते त्यांना मोजायचं होतं.

शिफ्टप्रमुख शर्वरीनं तिच्या टीममधल्या वाघमोडेंचं नाव सांगितलं. गेल्या महिन्यात अलार्म वाजला तेव्हा तिचे हात थरथर कापत होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. निकाल लागला की प्रमुखपद सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"चार उत्तरं तंतोतंत जुळली," बाई म्हणाल्या. "वेगळं एकच, शर्वरीताईंचं. बाकी सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलंय."

"अहो वाघमोडे, माझे हात कापत होते ना!"

"कापत होते की! म्हणून तर व्हॉल्व्ह मला फिरवायला लावलात," वाघमोडे हसले. "पण कुठला फिरवायचा, ते तुम्हीच सांगितलंत, मॅडम. आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत होतो."

शर्वरीनं खुर्ची ओढली आणि कितीतरी दिवसांनी ती पाठ टेकून बसली.