आधी कोणाकडे धावायचं

जो सर्वांत जास्त बुडतोय त्याच्याकडे आधी धावावं, यापरता मोठा धर्म नाही, असं सिस्टर मानत आली होती. वॉर्डातली तिची सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी होती. आणि संगणकावरच्या खेळात तिचा संघ गेला महिनाभर ओळीने हरत होता, त्याच्या मुळाशीही हेच वाक्य निघालं.

तोवर उपाय करून झाले होते. हरणाऱ्याला सल्ला द्यायला पदवी लागत नाही. कोणी म्हणालं माउस बदला, कोणी म्हणालं खुर्ची बदला. तिने दोन्ही बदलून पाहिलं, आणि संघ नव्या खुर्चीतून हरू लागला.

निदान शेवटी मास्तरांनी केलं. मास्तर शाळेत भूगोल शिकवत आणि खेळात दरवाजा राखत; जखमी गड्यांना बरं करणारी 'हीलर' सिस्टर होती. त्यांनी हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना पडद्यावर दाखवलं, पेपर तपासावा तसं जागोजागी थांबवत.

"सिस्टर, इथे पंक्चर मरतोय. तुम्ही कुठे आहात?"

"त्याच्याजवळ."

"आणि इथे?"

"त्याच्याजवळच. तो परत मरत होता."

पंक्चर म्हणजे संघातला चौथा गडी. सामना सुरू झाला की पहिली हवा त्याची जायची.

"मग काय करू?" ती म्हणाली. "धडधाकट माणसाला औषध पाजू?"

"हो. तुमची शक्ती एका वेळी एकालाच पुरते. मरणाऱ्याला मरू द्या. थोड्या वेळाने तो आपल्या तळावर आपोआप उठून बसतो. जो लढतोय त्याला जगवा."

"माझी काळजी करू नका हं सिस्टर," पंक्चर म्हणाला. "मला सवय आहे."

ऐकणाऱ्यांत सिस्टरचा धाकटा भाऊही होता. संघाचा कप्तान तो. राहायला दुसऱ्या शहरात, कामाला लिफ्ट-दुरुस्तीवर. बहीणभावाचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' आणि 'तू जेवलीस का' यांच्यापुढे कधी गेलं नव्हतं. खेळात मात्र दोघं तासभर मनसोक्त भांडत. त्यानेच तिला संघात ओढलं होतं. "ताई, तुझं रोजचंच काम," तो म्हणाला होता, "फक्त इथे कोणी बेल वाजवत नाही."

बाकीचे निघून गेल्यावर तो एकटाच लाइनवर राहिला.

"ताई, आजचा सामना गेला तर आपण सोनेरी गटातून खाली."

"माहीत आहे."

"मग ते दुसरा हीलर आणायचा म्हणतायत. मी तरी किती दिवस तुझी बाजू घेणार?"

"नको घेऊस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जेवलास का?"

"ताई, प्लीज."

संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन तिने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, हेडफोन चढवला आणि पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून बसली, जणू पायांवर भरवसा नव्हता.

सामना चांगला लांबला. मास्तरांनी दरवाजा धरून ठेवला. आज पंक्चर चक्क जिवंत होता, आणि शत्रूच्या किल्ल्याच्या तोंडाशी एकटा झुंजत होता. इतक्या पुढे जायची त्याची पहिलीच वेळ. तिथे काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नसल्याने तो फक्त मारत सुटला होता. एवढ्यात मागच्या पुलावर भावाला तिघांनी घेरलं.

"ताई! इकडे ये!"

तिची शक्ती भरत आली होती.

"ताई, पुलावर! ताई, मी चाललो!"

वॉर्डात अशी हाक आली की तिचे पाय विचारायला थांबत नसत. टेबलाखाली पाय हललेच. खुर्ची जागची सरकली. बोट बटणावर होतं. तिने पाहिलं : किती जीव उरला ते दाखवणारी भावाची हिरवी पट्टी लाल झाली होती आणि आखडत चालली होती. पंक्चरची अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

"ताई, ऐकतेयस ना?"

तिने शक्ती पंक्चरला दिली.

भाऊ पुलावर पडला. पडलेल्याचा माइक बंद होत नाही; त्याचा श्वास तिला ऐकू येत राहिला. पंक्चर "अरे, अरे, अरे" करत आत घुसला, आणि काय होतंय ते त्याला कळायच्या आत किल्ला कोसळला.

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी शाबास म्हणाले. पंक्चर आनंदाने इतका ओरडला की घरातलं कोणीतरी त्याच्यावर ओरडलं. मग दोघे गेले. लाइनवर बहीण-भाऊ उरले.

"मी हाका मारत होतो," भाऊ म्हणाला.

"ऐकल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या." तिने हेडफोन नीट केला. "अरे, तू परत येणार होतास."

ऑपरेशन करावंच लागलं असं सांगितल्यावर नातेवाईक ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात मग तो म्हणाला, "बरोबर आहे. बरोबरच केलंस."

"रागावलास?"

"छे. राग कसला? जिंकलो की."

आणि झोप येते म्हणून त्याने लाइन सोडली. अजून आठही वाजले नव्हते.

गुणतक्ता लागला. ती उठली नाही, बघत बसली. संघ सोनेरी गटात राहिला होता, शेवटून पहिला.