घरघर वाढव

चंद्रभाननं जात्याची घरघर आणखी थोडी खाली आणली. जातं कसलं, सिंथेसायझरच तो. सर्वांत खालची पट्टी दाबून धरली की थेट जात्यासारखा घुमायचा. बासरीही त्यातूनच, सारंगीही त्यातूनच. अजनीच्या दोन खोल्यांत गोधड्या टांगून त्यानं सत्त्याऐंशी साली स्टुडिओ थाटला होता, आणि गड्याला आपल्या कानांचा भारी गर्व होता.

आईच्या ओव्यांची पहिली कॅसेट कंपनीवाल्यानं परत पाठवली होती. वाद्यं छान, पण बाईचे शब्दच कळत नाहीत. सोमवारपर्यंत दुरुस्त करून दिली तर काढू, नाहीतर राम राम. चंद्रभान नुसता हसला. दुसरा कोणी असता तर बाईचा आवाज वाढवत बसला असता. यानं एकेक वाद्य खाली बसवलं, मिक्सरचा काटा लाल रेघेच्या अलीकडे धरला आणि आईच्या ओव्या अशा वर आणल्या, की तिचा श्वासही ऐकू यावा.

"आयक आता," म्हणत त्यानं टेप लावला.

त्याची आई, कौशल्या, ऐकू लागली. कुहीला नवी सून म्हणून आली, तेव्हा रोज पहाटे दळता दळता तिनंच रचलेल्या त्या ओव्या. तिसऱ्या ओवीला तिचा चेहरा उतरला. सुनेच्या हाताला फोड येतात आणि सासू उन्हं अंगावर येईस्तोवर लोळते, असं टेप लख्ख सांगत होता. सासू, भागीरथाबाई, दाराशीच लसूण सोलत बसली होती.

"बंद कर गा," कौशल्या पुटपुटली. "घरघर वाढव. शब्द आयकू नाही आले पायजेत."

"अवं आई, शब्दांसाठीच त एवढं करून राहिलो."

"त नको देऊ कॅसेट. जात्याची घरघर होती म्हणून गात होती मी. सासूबाईले आयकू गेलं असतं त तोंड उघडलं असतं काय?"

चंद्रभाननं टेप थांबवला. त्याचा हात घरघरीच्या बटणावर गेला आणि तिथंच राहिला. वाढवावी तर कॅसेट गेली, न वाढवावी तर आई.

"हात काढ गा तिथून," भागीरथाबाई म्हणाली. मग सुनेकडे वळली. "तिसरीच्या आधी माहेरच्या बोरीची ओवी होती वं. ते काहून गाळली?"

कौशल्या दाराकडे वळली. "तुमाले आयकू येत होतं?"

"रोज. मी कुठं झोपत होती? डोळे मिटून पडून राहत होती. उठली असती, त तू गाणं बंद केलं असतं."